कामावरून काढलेला कामगार पुन्हा कामावर कसा येतो?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता लागू केल्या आणि तेव्हापासून औद्योगिक वसाहतींतल्या चहाच्या टपऱ्यांवर एक प्रश्न वारंवार कानावर येतो: मालकाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढले, तर आता परत येण्याचा रस्ता उरला आहे का? या प्रश्नामागे सहसा दोनपैकी एक समजूत असते आणि दोन्ही चुकीच्या आहेत. युनियन पाठीशी असली की माणूस काहीही करून परत कामावर येतो, ही पहिली. बडतर्फीचा कागद हातात पडला की हिशेब घेऊन गावी जाण्यापलीकडे काही उरत नाही, ही दुसरी. एका कारखान्यात युनियनचा प्रतिनिधी म्हणून मी अनेक वर्षे चौकशांना बसलो आहे. पहिल्या समजुतीने माणसे बेफिकीर झालेली आणि दुसरीने खचलेली मी पाहिली आहेत, म्हणून हा विषय पायापासून मांडतो.

बडतर्फी ही शिक्षा आहे

नोकरी अनेक कारणांनी जाते. काम कमी झाले म्हणून कपात होते, कारखाना बंद पडतो, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपते. या सगळ्यांत कामगारावर दोष नसतो. बडतर्फी वेगळी आहे, कारण ती शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हटली की तिच्याआधी आरोप लागतो व आरोपाच्याही आधी नियम लागतो. हा नियम ‘स्थायी आदेश’ या नावाच्या दस्तऐवजात असतो. हजेरी, रजा, पाळ्या यांच्या नियमांबरोबर कोणते वर्तन गैरवर्तन समजले जाईल, याची यादी त्यात दिलेली असते: चोरी, मारामारी, वरिष्ठांच्या कायदेशीर आदेशाची अवज्ञा, कामावर झोपणे, विनापरवाना सतत गैरहजर राहणे वगैरे.

ही यादी शोभेची नाही. ग्लॅक्सो कंपनीच्या १९८३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, जे कृत्य स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून नमूद नाही, त्यासाठी मालकाला मागाहून गैरवर्तनाची शिक्षा देता येत नाही. गृहनिर्माण सोसायटीच्या नियमावलीत नसलेला दंड अध्यक्षांना मनात आले म्हणून लावता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून आरोपपत्र हातात आल्यावर पहिले काम म्हणजे त्यातले कलम स्थायी आदेशांत खरोखर आहे का आणि घडलेली गोष्ट त्या कलमात बसते का, हे शब्दाशब्दाने ताडून पाहणे.

एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. हे सारे संरक्षण कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ असलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय अधिकारी त्यात येत नाहीत, आणि शासकीय सेवकांसाठी नियम व न्यायाधिकरणे वेगळी आहेत.

चार भिंतींतला खटला

आरोपपत्र दिल्यावर कामगाराचा खुलासा मागवला जातो आणि तो समाधानकारक वाटला नाही, तर चौकशी नेमली जाते. कारखान्यातल्याच एखाद्या खोलीत एका टेबलाभोवती चौकशी अधिकारी, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, आरोपित कामगार आणि त्याचा बचाव प्रतिनिधी बसतात. चौकशी अधिकारी मालकानेच नेमलेला असतो, पैसेही मालकच देतो, आणि त्यामुळे ‘उंदराला मांजर साक्ष’ अशीच बहुतेकांची भावना असते. ही भावना समजण्यासारखी आहे, तरी तिच्यामुळे चौकशीवर बहिष्कार टाकणे ही फार महागात पडणारी चूक आहे. मालकाने नेमला एवढ्याच कारणाने चौकशी अधिकारी पक्षपाती ठरत नाही, आणि पुढे न्यायालयासमोर जो कागद जातो, तो याच खोलीत तयार होतो.

योग्य चौकशीच्या अटी साध्या आहेत. आरोप नेमका असावा, म्हणजे तारीख, वेळ, जागा आणि कृत्य त्यात लिहिलेले असावे. ज्या कागदांच्या आधारे आरोप केला, ते दाखवावेत. व्यवस्थापनाचे साक्षीदार कामगाराच्या समक्ष तपासावेत, त्यांची उलटतपासणी घेऊ द्यावी आणि कामगाराला स्वतःचे साक्षीदार आणू द्यावेत. अहवाल पुराव्यातून निघावा. बचावासाठी सहकामगार किंवा संघटनेचा पदाधिकारी सोबत घेता येतो. वकील मागण्याचा हक्क सरसकट नाही, पण मालकाने कायदा शिकलेला माणूस आपल्या बाजूने बसवला आणि कामगाराला मात्र वकील नाकारला, तर चौकशी अन्यायाची ठरते, असा निर्णय मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला.

चौकशीदरम्यान कामगार निलंबित असेल, तर त्याला निर्वाह भत्ता मिळतो: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि विलंबाला कामगार जबाबदार नसेल, तर त्यानंतर ७५ टक्के. घरात चूल पेटली नाही, तर माणूस चौकशीला येणार कसा, हा त्यामागचा विचार आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भत्ता न दिल्याची आणि त्यामुळे त्याला चौकशीला हजर राहता न आल्याची अतिशय गंभीर दखल घेतली होती.

एक प्रसंग मला अजून आठवतो. रात्रपाळीत एक कामगार मध्येच गेटबाहेर गेला, असा आरोप होता आणि पुरावा म्हणजे सुरक्षा विभागाचे रजिस्टर. ते पान आम्ही मागितले, तेव्हा देण्याची टाळाटाळ झाली, म्हणून आमची मागणी आणि मिळालेला नकार दोन्ही आम्ही त्या दिवशीच्या कामकाजात लिहून घेतले. पुढच्या तारखेला रजिस्टर आले. २ वाजून ४० मिनिटांच्या नोंदीखाली, दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत २ वाजून १० मिनिटांची नोंद कोंबलेली होती आणि तिची शाई आजूबाजूच्या नोंदींपेक्षा गडद होती. आम्ही पहारेकऱ्याला एवढेच विचारले की, दोन-दहाला गेलेला माणूस दोन-चाळीसच्या माणसाच्या खाली कसा आला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि ते गप्प राहणेही कामकाजात लिहिले गेले. त्या कामगाराची नोकरी न्यायालयात जाण्याआधी, त्या खोलीतच वाचली.

‘मी नोटीस घेतलीच नाही’

खूप जणांना वाटते की, आरोपपत्र घेतले नाही, तर चौकशी होणारच नाही. प्रत्यक्षात पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत पाठवतो आणि ते पाकीट सीलबंद स्थितीत फाइलला लागते. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली, म्हणजे ती पोचली असेच धरले जाते. मग चौकशी एकतर्फी चालते आणि कामगाराची बाजू कागदावर येतच नाही. कागद घ्यावा, आपल्याला समजणाऱ्या भाषेत नसेल तर त्यावर तसे लिहून सही करावी आणि त्याच संध्याकाळी युनियनच्या कार्यालयात जावे.

दुसरा सापळा राजीनाम्याचा. ‘रेकॉर्ड खराब होणार नाही, राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो’ असे आपुलकीने सांगितले जाते आणि घाबरलेला माणूस सही करतो. बडतर्फीला आव्हान देता येते. स्वखुशीने दिलेला राजीनामा मात्र दबावाने घेतला होता, हे सिद्ध करण्याचा सगळा भार कामगारावर पडतो आणि तो पेलणे फार अवघड असते.

दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची

एकट्या माणसाची बडतर्फी हा ‘औद्योगिक वाद’ ठरत नसे, असा एक काळ होता. संघटनेने किंवा पुरेशा सहकाऱ्यांनी ती उचलून धरावी लागे. औद्योगिक विवाद कायद्यात १९६५ मध्ये दुरुस्ती होऊन ही अडचण दूर झाली, आणि २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची वाट मिळाली. समेट अधिकारी हा कामगार खात्याचा अधिकारी. तो निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना समोर बसवून मध्यस्थी करतो. जुन्या कायद्यात न्यायालयात जाण्यासाठी बडतर्फीपासून ३ वर्षांची मुदत होती. चार संहितांपैकी एक असलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत समेटाची कार्यवाही वाद उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आतच होऊ शकते आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावे लागते.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा १९७१ चा राज्य अधिनियम आपल्याकडे आहे. सूडबुद्धीने काढणे, खोट्या आरोपात अडकवणे, नैसर्गिक न्याय (माणसाचे म्हणणे निःपक्षपणे ऐकूनच निर्णय घेण्याचे तत्त्व) धाब्यावर बसवून घाईने काढणे, किंवा किरकोळ गैरवर्तनासाठी कामगाराचा आधीचा रेकॉर्ड न पाहता धक्कादायक वाटावी इतकी कठोर शिक्षा देणे, या साऱ्यांना हा अधिनियम अनुचित प्रथा मानतो. तक्रार कामगाराला स्वतः करता येते. मुदत मात्र केवळ ९० दिवसांची आहे. उशिराचे सबळ कारण दाखवले, तरच न्यायालय ती शिथिल करते. या मार्गाने अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतचा, आदेशही मिळू शकतो. दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत, त्यामुळे कोणता मार्ग धरायचा हे जाणत्या वकिलाला आणि युनियनला विचारून आधीच ठरवावे लागते. कंत्राटी कामगाराची अडचण येथे मोठी आहे. मुख्य कंपनीने ‘हा आमचा कामगारच नाही’ अशी भूमिका घेतली, तर राज्य अधिनियमाखालची तक्रार पुढे सरकत नाही, हे सिप्ला कंपनीच्या २००१ च्या निकालाने ठरवून टाकले आहे.

न्यायालय नेमके काय तपासते

हा भाग सर्वांत गैरसमजाचा आहे, म्हणून सावकाश पाहू. १९५८ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जी चौकट आखली, ती पुढे बरीच वर्षे चालली: मालकाचा हेतू दूषित असेल, सूड घेतला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल किंवा निष्कर्षाला कसलाच आधार नसेल, तरच न्यायाधिकरणाने हात घालायचा, शिक्षा जास्त की कमी हे पाहणे त्याचे काम नव्हते. डिसेंबर १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात नवे कलम आले आणि चित्र पालटले. पुरावा स्वतः पुन्हा तपासण्याचा आणि आरोप सिद्ध असला तरी बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. १९७३ मध्ये फायरस्टोन टायर कंपनीच्या निकालाने या कलमाचा अर्थ लावला आणि आजही प्रकरणे त्याच पायऱ्यांनी चालतात.

पहिली पायरी चौकशी योग्य झाली का, ही असते. ती अयोग्य ठरली, की कामगार जिंकला असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. परीक्षेत गोंधळ झाला म्हणून विद्यार्थी आपोआप उत्तीर्ण होत नाही, परीक्षा पुन्हा घेतली जाते. त्याचप्रमाणे मालकाने तशी परवानगी मागितली असेल, तर त्याला तोच आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळते. दुसरी पायरी पुराव्याची: उपलब्ध पुराव्यातून आरोप खरोखर सिद्ध होतो का? तिसरी शिक्षेची: गुन्हा आणि शिक्षा यांचे माप जुळते का? या तीनपैकी कोणत्याही पायरीवर कामगार परत येऊ शकतो. यातल्या तिसऱ्या पायरीवर तो निर्दोष असावा लागत नाही, आणि ‘दोषी असूनही परत कसा आला?’ या बाहेरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

झोप तीच, निकाल दोन

शिक्षेचे माप कसे घेतले जाते हे समजण्यासाठी महाराष्ट्रातलीच दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत.

कलर-केम कंपनीच्या प्रकरणात रात्रपाळीचे कामगार पहाटेच्या वेळी यंत्र चालू ठेवून झोपलेले आढळले. त्यांना बडतर्फ करण्यात आले. चालू यंत्राशेजारी झोपणे धोक्याचे आहे, हे कोणीही मान्य करील. तरीही १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, या चुकीसाठी थेट बडतर्फी ही धक्कादायक वाटावी इतकी विषम शिक्षा आहे आणि अशी शिक्षा देणे हा कायद्याच्या दृष्टीने छळच ठरतो. मालकाच्या मनात सूड नसला, तरी शिक्षेची विषमताच तो दोष पुरवते, हे या निकालाचे महत्त्व.

दुसरे प्रकरण पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीतले. २६ ऑगस्ट १९८३ रोजी पहिल्या पाळीत, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास एक कामगार कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. खालच्या न्यायालयाने शिक्षा जास्त म्हणून त्याला परत घेण्याचा आदेश दिला, वाद वर वर जात राहिला आणि जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. याआधी तीन वेळा तो गैरवर्तनासाठी दोषी ठरला होता आणि प्रत्येक वेळी सौम्य शिक्षेवर सुटला होता, ही गोष्ट निर्णायक ठरली.

कृत्याचे नाव दोन्हीकडे एकच आहे. एकीकडे पहाट आणि दुसरीकडे भरदिवस, हा फरक डोळ्यांत भरतो, पण खरा फरक आधीच्या रेकॉर्डचा आहे. स्थायी आदेशच सांगतात की, शिक्षा ठरवताना कृत्याचे गांभीर्य, कामगाराचा पूर्वीचा रेकॉर्ड आणि परिस्थितीतल्या बऱ्या-वाईट बाबी विचारात घ्याव्यात. म्हणून ‘साधी ताकीदच आहे, सही करून टाक’ असे कोणी म्हटले की मी कामगारांना थांबवत असे. आज बिनविरोध स्वीकारलेली ताकीद दहा वर्षांनी शिक्षेच्या तराजूत वजन म्हणून पडते. ताकीद चुकीची असेल, तर दोन ओळींचा लेखी निषेध त्याच आठवड्यात दिला पाहिजे.

शिवीगाळीच्या प्रकरणांतही असेच दोन्ही प्रकारचे निकाल आहेत. १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने केवळ अपशब्दांसाठी केलेल्या बडतर्फ्या अतिकठोर म्हणून बदलल्या. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात मात्र वरिष्ठाला दिलेल्या अर्वाच्य शिव्यांसाठी झालेली बडतर्फी त्याच न्यायालयाने उचलून धरली आणि शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार मनमानीने वापरता येत नाही, अशी समज दिली.

युनियन चोरांनाही पाठीशी घालते, त्याचे काय?

हा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. आरोपित सभासदाची बाजू मांडणे हे युनियनचे काम आहे, जसे ते वकिलाचे असते. पण पैशांच्या अफरातफरीत न्यायालये फारशी दया दाखवत नाहीत. एसटी कंडक्टरांच्या प्रकरणांतून हे स्पष्ट दिसते. प्रवाशाकडून पैसे घेऊन तिकीट न देणे हा आरोप सिद्ध झाला, तर रक्कम किती होती हे गौण आहे. ज्याच्यावर विश्वास टाकून पैशांची पिशवी सोपवली, त्याच्यावरचा विश्वास गेला, हीच मुख्य गोष्ट, असे कर्नाटकातल्या एका कंडक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. त्याच्याकडे हिशेबापेक्षा जास्त सापडलेली रक्कम अवघी ९३ रुपये होती.

‘प्रवाशांना साक्षीला बोलावलेच नाही’ हा बचावही टिकत नाही. हरियाणातल्या कंडक्टरच्या १९७७ च्या प्रकरणात ठरले की, अंतर्गत चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत. विश्वास ठेवण्याजोगा काही पुरावा असला, तर न्यायालय तो कमी की जास्त हे मोजत बसत नाही.

‘कोर्टातून सुटलो, आता घ्यावेच लागेल’

तेवढ्यावर घ्यावे लागत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत ‘असे घडले असण्याची शक्यता जास्त दिसते’ एवढे पुरते. घरातली साखर कोणी सांडली हे आई ज्या खात्रीने ओळखते, त्या खात्रीवर कोणाला तुरुंगात पाठवता येणार नाही, पण त्या दिवशीचा लाडू बंद करता येतो. म्हणून निर्दोष सुटका झाली तरी बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. दोन्हीकडे तेच आरोप, तेच साक्षीदार आणि तोच पुरावा असेल, व फौजदारी न्यायालयाने तो पुरावाच फेटाळला असेल, तर मात्र चित्र बदलते. कोलारच्या ज्या प्रकरणाचा वर उल्लेख केला, त्यात तसेच झाले होते.

याच्या अगदी उलट टोकाची समजूत व्यवस्थापनाकडे आढळते. सलग इतके दिवस गैरहजर राहिला की नाव आपोआप पटावरून उतरते, चौकशीची गरजच नाही, असे कलम दाखवले जाते. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात ठरवले की, कलम काहीही म्हणो, माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याची भाकरी काढून घेता येत नाही. ८ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला म्हणून नोकरी गेलेल्या त्या कामगाराला निम्म्या मागील वेतनासह परत घेण्याचा आदेश झाला.

परत आल्यावर मधल्या वर्षांच्या पगाराचे काय?

परत येण्याच्या आदेशात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि निकाल वाचताना तिन्ही शोधाव्या लागतात. एक, कामावर पुन्हा घेणे. दोन, सेवासातत्य, म्हणजे मधली वर्षे नोकरीतच धरली जाणे. ग्रॅच्युइटी आणि ज्येष्ठता यावर अवलंबून असते. तीन, मागील वेतन, म्हणजे बाहेर काढलेल्या काळाचा पगार. तिन्ही मिळतीलच असे नाही.

मागील वेतनाबाबत २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फार महत्त्वाची मांडणी केली. बेकायदा काढले असेल, तर सेवासातत्य आणि मागील वेतनासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. सेवेचा काळ, सिद्ध झालेल्या गैरवर्तनाचे स्वरूप आणि संस्थेची आर्थिक स्थिती पाहून त्यात फरक होऊ शकतो. मधल्या काळात आपण दुसरीकडे तितक्याच पगाराची नोकरी केली नाही, असे कर्मचाऱ्याने सांगितले पाहिजे. मग ती केली होती हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. ‘मी दुसरीकडे नोकरी केली नाही’ हे वाक्य लेखी सांगायचे राहून गेल्यामुळे पैसे गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

समजा, पगार २२,००० रुपये होता आणि निकालाला ५ वर्षे लागली. पूर्ण मागील वेतन १३,२०,००० रुपये होते; ५० टक्के म्हटले, तर ६,६०,००० रुपये. दोष काही अंशी सिद्ध झाला असेल, तर मागील वेतन कापणे हीच शिक्षा, असे न्यायालय ठरवते. कित्येकदा परस्परविश्वास उरला नाही म्हणून परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई दिली जाते.

आणि वेळ लागतोच. मालक वरच्या न्यायालयात गेला, तर अपील चालू असेपर्यंत कामगाराने काय खावे, या प्रश्नावर औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने उत्तर आले: परत घेण्याचा निकाल झालेला असताना मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर कामगार दुसरीकडे नोकरीला नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिल्यावर त्याला शेवटी मिळालेला पगार दरमहा द्यावा लागतो.

मग मालकाने शिस्त राखायची कशी?

लहान उद्योजक हा प्रश्न कळकळीने विचारतात आणि तो टाळता कामा नये. भारत फोर्जचा निकाल पाहा. त्या कंपनीने तीन वेळा सौम्य शिक्षा दिल्या, त्यांची नोंद ठेवली, चौथ्यांदा चौकशी केली आणि मग काढले. २१ वर्षांनी का होईना, ती शिक्षा टिकली. ताकीद, चार दिवसांपर्यंतचे शिक्षेचे निलंबन आणि वेतनवाढ रोखणे, अशा पायऱ्या कायद्याने दिलेल्याच आहेत. त्या वगळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्याची बडतर्फी मोडते. कारखान्यात आधीच एखादा औद्योगिक वाद प्रलंबित असेल, तर आणखी सावधगिरी लागते. त्या काळात बडतर्फ करायचे, तर एक महिन्याचा पगार देऊन संबंधित प्राधिकरणाची मंजुरी मागावी लागते, आणि ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर बडतर्फी मुळात झालीच नाही असे धरले जाते, हे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले आहे.

नव्या संहितेने काय बदलले

औद्योगिक संबंध संहितेने कामगार संघटना कायदा १९२६, स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७ या तिघांची जागा घेतली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाचे नाव या रद्द कायद्यांच्या यादीत नाही. एकट्या कामगाराची बडतर्फी आजही औद्योगिक वाद आहे आणि शिक्षा बदलण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकारही कायम आहे. निलंबनानंतरची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवावी, असेही संहिता म्हणते. संहितेच्या रचनेत कामगार न्यायालयांऐवजी दोन सदस्यांची औद्योगिक न्यायाधिकरणे आहेत, एक सदस्य न्यायिक आणि एक प्रशासकीय. ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो.

मला काळजी वाटते ती एका आकड्याची. स्थायी आदेश पूर्वी केंद्रीय कायद्यानुसार १०० कामगारांच्या आस्थापनेला बंधनकारक होते. आता ही मर्यादा ३०० आहे. म्हणजे सव्वाशे किंवा अडीचशे माणसांच्या कारखान्यात गैरवर्तनाची ती यादीच बंधनकारक नसेल, आणि यादी नसली तर आरोप ताडून कशाशी पाहणार? आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका १२० कामगारांच्या युनियनने यावर स्वतःपुरता उपाय शोधला आहे. त्यांच्या नव्या वेतनकराराच्या मसुद्यात पगारवाढीच्या तक्त्यानंतर तीन पाने जोडलेली मी वाचली: गैरवर्तनाची यादी, शिक्षेच्या पायऱ्या आणि चौकशीची पद्धत. त्यातले पहिले कलम असे आहे की, आरोपपत्र कामगाराला वाचता येणाऱ्या भाषेत द्यावे, आणि खुलासा देण्याआधी त्याला युनियनच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी एक दिवस भरपगारी मोकळा द्यावा.